पुणे त्या यादीत का नाही?

पत्र

ताई, मी 25 वर्षांची आहे. बाबा तेलक्षेत्रात इंजिनिअर होते. माझा जन्म मस्कतचा, नऊ वर्षांची होईपर्यंत तिथेच. मग चार वर्षं क्वालालंपूर, मग तीन वर्षं स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. 2016मध्ये बाबांची नोकरी गेली आणि आम्ही परत आलो. ॲबर्डीन सोडताना मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा निरोपसुद्धा घेतला नाही, रडू येईल म्हणून.

आता नोकरी पुण्यात आहे. चुलत भावंडं माझ्या मराठीला हसतात. स्कॉटलंडच्या मैत्रिणींचा फोन आला की माझा आवाजच बदलतो, ऑफिसात वेगळा, आईशी वेगळा. यातली खरी मी कोण? प्रत्येक शाळेत नव्याने आलेल्या मुलाशेजारी मी जाऊन बसायचे, एवढंच काय ते सगळीकडे सारखं. दर दोन-तीन वर्षांनी पायाला भिंगरी लागते. नोकरी बदलते, फ्लॅट बदलते, मैत्रिणी सुटतात. आता कॅनडातल्या कॅलगरीची ऑफर आहे. सगळे म्हणतात, तुला काय, तू कुठेही रुळशील.

पण कराडचा एक मुलगा आहे. त्याच्या आजीने पहिल्याच भेटीत विचारलं, ‘गाव कुठलं गं तुझं?’ मला उत्तर सुचेना. नंतर एकटीच खूप रडले. मी एखादं गाव निवडून टाकू का? कॅलगरीला जाऊ की राहू? आणि आजींना आमच्याबद्दल कधी सांगायचं?

– पाहुणी

उत्तर

प्रिय पाहुणी,

तुझं पत्र वाचताना मी एका जागी थांबले. राहिलेल्या ठिकाणांची यादी तू दिली आहेस: मस्कत, क्वालालंपूर, ॲबर्डीन, आणि प्रत्येकाचा हिशेब वर्षांत. पुणे त्या यादीत नाही. ते येतं पुढच्या परिच्छेदात, नोकरीचा पत्ता म्हणून. 2016पासून आजपर्यंत नऊ वर्षं झाली. मस्कतला जितकी राहिलीस तितकीच, आणि कळत्या वयातली तर सगळ्यात जास्त. तरी हे शहर तू मोजलेलं नाहीस. इथे अजून कुणी तुला निघ म्हटलेलं नाही, म्हणून तू मनातल्या मनात बॅग भरूनच बसली आहेस, असं मला वाटलं. जाऊ की राहू हा प्रश्न मी शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर या एका गोष्टीत बरंचसं दडलेलं आहे.

आधी ‘खरी मी कोण’ हे बघू. आवाज बदलतो याची तुला लाज वाटते. अगं, मुंबईत वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोल्हापूरहून भावाचा फोन येतो तेव्हा दुसऱ्या वाक्यालाच तो कोल्हापुरी होतो. त्याला कुणी दुतोंडी म्हणत नाही. तू हे जरा जास्त ठिकाणी आणि फार लहानपणी शिकलीस, आणि शिकलीस ते गरजेपोटी. नव्या शाळेत पहिल्या पंधरवड्यात इतरांसारखं बोलता आलं नाही, तर मधल्या सुट्टीत डबा एकटीने खावा लागतो. दहा वर्षांच्या मुलीला याहून मोठी निकड कुठली असते? तेव्हा ते नाटक होतं असं म्हणू नकोस. आईशी बोलणारीही तूच आणि स्कॉटिश हेल काढणारीही तूच.

तू एकटी अशी नाहीस, हेही सांगायला हवं. 1950च्या दशकात रूथ हिल उसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की या घरांतली मुलं आईवडिलांच्या देशासारखीही होत नाहीत आणि ज्या देशात राहतात तिथल्यासारखीही नाहीत. त्यांचं तिसरंच काहीतरी तयार होतं, आणि ते जगभरातल्या अशा मुलांमध्ये एकमेकांशी जुळतं. त्यांना त्यांनी ‘थर्ड कल्चर किड्स’ म्हटलं. हा अभ्यास झाला तो आपल्याच देशात, हे मला नेहमी विशेष वाटतं. आपल्याकडेही बदलीच्या नोकरीतल्यांची मुलं होतीच. त्यांच्यासाठी 1963मध्ये केंद्रीय विद्यालयं निघाली, म्हणजे बाबांची बदली जोधपूरहून बेळगावला झाली तरी मुलाचं पुस्तक तेच राहायचं. तुझ्या बाबतीत पुस्तकही बदललं, बोलायची भाषा बदलली, आणि सुट्टीचा वारसुद्धा बदलला. तुझ्या मस्कतमध्ये तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची, ओमानने ती शुक्रवार-शनिवार केली 2013मध्ये, तू निघून गेल्यावर.

‘आयडेंटिटी क्रायसिस’ हे शब्द आज कुणीही सहज वापरतं. ते ज्यांच्यामुळे रूढ झाले त्या एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांची गोष्ट तुला सांगते. जन्म 1902चा, फ्रँकफर्टमध्ये. आई डॅनिश ज्यू. जन्मदाते वडील कोण, हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. वाढले सावत्र वडिलांच्या घरी, त्यांच्याच आडनावाने. उंच, सोनेरी केस, निळे डोळे. त्यामुळे सिनेगॉगमध्ये मुलं परका म्हणून चिडवायची आणि शाळेत ज्यू म्हणून. हिटलर सत्तेवर आला त्या 1933 साली व्हिएन्ना सोडून ते अमेरिकेला गेले, आणि पुढे तिथलं नागरिकत्व घेताना एरिक्सन हे आडनाव त्यांनी स्वतः घेतलं. हा माणूस ओळखीबद्दल लिहितो तेव्हा मी कान देऊन ऐकते. तारुण्याच्या उंबरठ्यावर ओळख घडत असताना माणसाच्या अंगी कुठलं बळ यावं लागतं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर आहे निष्ठा. आपण होऊन निवडलेल्या माणसांशी, कामाशी, मूल्यांशी टिकून राहण्याची ताकद. कुठे जन्मलात, आडनाव काय, पासपोर्ट कुठला, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही.

माझंही मत तेच आहे, आणि तुला सांगायचं आहे ते एवढंच: ओळख शोधून सापडायची नाही. आपण कुणाला बांधील राहतो, कुठल्या कामाची जबाबदारी घेतो आणि ती अवघड झाल्यावरही सोडत नाही, यातून ती हळूहळू जमते. तुला तशी संधीच मिळाली नाही, कारण जमायला लागलं की कंपनीचं पत्र यायचं. तू आजवर एकही देश स्वतःच्या मर्जीने सोडलेला नाहीस, आणि स्वतःच्या मर्जीने एकाही ठिकाणी राहिलेली नाहीस.

तरी काहीच जमलं नाही असं नाही. पत्रात तू एक वाक्य घाईत लिहून पुढे गेली आहेस. प्रत्येक शाळेत नव्याने आलेल्या मुलाशेजारी तू जाऊन बसायचीस. मस्कतमध्ये, मलेशियात, स्कॉटलंडमध्ये. ‘एवढंच काय ते’ असं तू म्हणतेस, पण मला ते एवढंच वाटत नाही. तीन देश, तीन शाळा, आणि कुणीही न सांगता एकच गोष्ट केलेली. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी कॅन्टीनला कोण घेऊन जातं, मला सांगशील? माझी खात्री आहे, तूच. माझी ओळख काय, या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलीस तर इथून सुरुवात कर.

आता भिंगरीबद्दल. अशा मुलांसोबत अनेक वर्षं काम केलेले डेव्हिड पोलॉक यांनी एका गोष्टीवर फार भर दिला होता, ती म्हणजे न केलेला शोक. माणूस गेलं की आपण दहा दिवस बसतो, लोक भेटायला येतात, रडायला मोकळीक असते. मुलीचं अख्खं जग एका विमानात मागे पडतं तेव्हा असं काही होत नाही. उलट तिला सांगतात, किती मजा, नवीन देश! तुझी शाळा, समुद्रावरून येणारा वारा, घरी काम करणारी मावशी, खालच्या दुकानातला काका, हे सगळं एका तारखेला संपलं आणि त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. 2007च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळाने मस्कतचे रस्ते वाहून नेले, नळाचं पाणी बंद झालं, तेव्हा तू सात वर्षांची असशील. पुण्यात ‘आठवतंय का गं ते?’ असं तुला कुणी विचारू शकत नाही. आठवण आहे, पण ती वाटून घ्यायला माणूस नाही. याने एकटेपणा येणारच.

मग मुलं एक युक्ती शिकतात. सोडायचंच आहे, तर आधीच थोडं सोडून ठेवायचं. ॲबर्डीनच्या मैत्रिणीचा निरोप तू घेतला नाहीस तो यामुळे. पुण्यातल्या मैत्रिणी सुटतात त्याही यामुळेच असाव्यात, असं मी धरून चालते. कुणाशी खटका उडाला की तो मिटवण्याचा तुला सराव नाही, कारण तोवर घरी सामान बांधायला सुरुवात व्हायची. दोन-तीन वर्षांनी येणारी अस्वस्थता ही स्वभावातली भटकंती आहे असं तू धरून चालली आहेस. मला ती बाबांच्या कंत्राटांची मुदत वाटते. ती तुझ्या अंगात मुरली आहे.

म्हणून पहिलं काम हे कर. त्या मैत्रिणीला पत्र लिही. खरं, लांब, हवं तर आता नऊ वर्षांनी. ‘मी न सांगता गेले कारण मला सहन होत नव्हतं’ हे वाक्य त्यात असू दे. तिने उत्तर दिलं तर उत्तमच, नाही दिलं तरी पत्र वाया गेलं असं नाही. पैसे साठले की एकदा मस्कतला जाऊन ये. मुंबईहून तीन तासांच्या आतबाहेरचं विमान आहे. जुनं घर बघ, मत्राहच्या बाजारातून चाल, शाळेच्या फाटकापाशी उभी राहा, आणि तिथे आता तुझं कुणी नाही हे डोळ्यांनी बघून ये. कठीण जाईल. बरोबर कुणाला तरी ने.

कराडच्या आजींचा प्रश्न तू परीक्षेसारखा घेतलास. त्या वयाच्या बायका गाव विचारतात ते माणूस जोडायला. गाव कळलं की त्यांच्या ओळखीचं कुणीतरी तिथे निघतं, कुलदैवत निघतं, एखादी लांबची मावसबहीण निघते, आणि मग समोरची मुलगी परकी राहत नाही. तुला एक गाव निवडून टाकायची काही गरज नाही. पूर्ण उत्तर दे. बाबांचं मूळ गाव अमुक, आईचं अमुक, जन्म माझा मस्कतचा, वाढले तीन देशांत, आता पुण्यात. मोठं उत्तर आहे, पण आजींना घाई नसते.

आणि मग त्यांना उलट विचार. ‘आजी, तुमचं माहेर कुठलं? लग्न होऊन आलात तेव्हा कसं गेलं?’ त्या पिढीतल्या कितीतरी मुली विशीच्या आत एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवल्या गेल्या. आडनाव तर बदललंच, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदललं. भाजीची चव, देवघर, उठायची वेळ, कुणापुढे किती बोलायचं, सगळं नव्याने शिकावं लागलं. जात्यावरच्या ओव्या वाच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत माहेरची ओढ पानोपानी आहे. मूळ सुटणं म्हणजे काय, हे त्या घरात तुझ्या मित्रापेक्षा आजींना जास्त कळेल, असा माझा अंदाज आहे. एक फरक मात्र आहे, आणि तुझं दुःख त्या फरकात आहे. आजींना पंचमीला, दिवाळीला माहेरी जाता यायचं. भाऊ न्यायला यायचा. आखाती देशांत जन्माने नागरिकत्व मिळत नाही. वडिलांची नोकरी संपली की घरादाराचा व्हिसा संपतो, आणि जिथे जन्मलीस तिथे तू पर्यटक म्हणून जातेस. तुझं माहेर कागदोपत्री बंद झालं. यावर रडू आलं तर ते अगदी रास्त रडू आहे.

मराठीला हसणाऱ्या भावंडांबद्दल थोडक्यात. ‘चांगलं’मधला च तू ‘चार’मधल्या चसारखा म्हणत असशील, कपाटाला ‘तो’ म्हणत असशील. म्हणून ती भाषा तुझी नाही असं होत नाही. तंजावरला मराठी घरं साडेतीनशे वर्षांच्या आसपास आहेत. त्यांच्या मराठीत तमिळ इतकी मिसळली आहे की पुण्याच्या माणसाला दोन वाक्यं ऐकून थांबावं लागतं, तरी ती मराठीच. इस्रायलला गेलेले बेने इस्रायल तिथेही मराठी बोलत राहिले, त्यांच्या बोलण्याला कुणी पुण्याच्या फुटपट्टीने मोजायला गेलं नाही. हसणाऱ्याला सरळ सांग, ‘हसू नकोस, चूक सांग.’ आणि रोज थोडं मोठ्याने वाच. वर्तमानपत्र चालेल, कथा चालेल. हे आपली ओळख सिद्ध करायला करायचं नाही. आजींशी गप्पा मारता याव्यात म्हणून करायचं.

आईबाबांबद्दल तू फार कमी लिहिलं आहेस. एक ओळ आहे, बाबांची नोकरी गेली. 2014च्या मध्यापर्यंत कच्चं तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर होतं, जानेवारी 2016मध्ये ते 30च्याही खाली उतरलं. ॲबर्डीन हे शहर उत्तर समुद्रातल्या तेलावर चालतं. तिथे त्या दोन वर्षांत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तुझ्या वडिलांनी काही वाईट केलं नव्हतं. एका सोळा वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगितलं गेलं होतं, मला शंका आहे. आता विचार. दोघांनाही, वेगवेगळं बसवून. तुम्हाला कुठलं गाव सोडताना सगळ्यात जास्त जड गेलं? परत यायचं कधी ठरवलं होतं, आणि नसतं यावं लागलं तर कुठे राहायचं होतं? त्यांच्याकडेही न सांगितलेलं बरंच असेल. तुम्ही मुलांचं नुकसान केलंत, असा सूर लावायचा नाही. लागलाच, तर थांबून परत कधीतरी विचार.

आता कॅलगरी. तू स्पष्ट विचारलंस, मी स्पष्ट सांगते: या वर्षी जाऊ नकोस. नोकरी वाईट आहे म्हणून नाही, कॅलगरी वाईट आहे म्हणूनही नाही. ती ऑफर नेमकी अस्वस्थतेच्या मोसमात आली आहे आणि ‘तू कुठेही रुळशील’ या कौतुकावर स्वार होऊन आली आहे. रुळण्यात तू पारंगत आहेस, त्यात नवं शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. राहणं तुला अजून करून बघायचं आहे. एकदा, स्वतः ठरवून. एकाच फ्लॅटमध्ये करार पुन्हा कर. ज्या मैत्रिणीशी बोलणं बंद आहे तिला फोन लाव आणि भांडण पुरतं भांडून मिटव. एखादी जबाबदारी घे जिथे तू नाही आलीस तर कुणाचं तरी अडेल. शिकवणं असेल, सोसायटीचं काम असेल, काहीही, फक्त दर आठवड्याला तिथे हजर राहावं लागेल असं. भिंगरी सुरू होईल तेव्हा पळायचं नाही, ती वेळ जाऊ द्यायची. ती जाते.

वर्षभराने पुन्हा जावंसं वाटलं तर खुशाल जा. तेव्हा ते तुझं जाणं असेल. त्या वेळी पुढचाही विचार करून ठेव. कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर पाच वर्षांत 1,095 दिवस तिथे राहिलेल्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ते घेतलंस की आपल्या 1955च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9नुसार भारताचं नागरिकत्व राहत नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं, येता-जाता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. कराडच्या घराशी नातं जोडायचं असेल तर ही चर्चा त्या मुलाशी आधी व्हायला हवी, नंतर नाही. त्याला हे पत्र दाखव. तू रडलीस हे त्याला माहीत आहे का? मला पत्रावरून तरी तसं दिसलं नाही.

झोप उडाली, आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलावंसं वाटेनासं झालं, तर समुपदेशकाकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. बोलताना एवढं जरूर सांग की लहानपण अनेक देशांत गेलं आहे, कारण नाहीतर समोरची व्यक्ती आत्ताच्या नोकरीत आणि नात्यातच कारण शोधत बसेल.

राहिला शेवटचा प्रश्न, आजींना कधी सांगायचं. ते तू सांगायचं नाहीस, त्याने सांगायचं, आणि कॅलगरीचा निर्णय तुम्ही दोघांनी मिळून घेतल्यावर. त्याआधी तू एकदा नुसतीच जाऊन ये, त्यांचं माहेर ऐकायला.

– तुझी ताई